पार्किन: सुंठीचा, ओट्सचा, मुरवून खायचा केक

यॉर्कशर आणि लँकशर हे उत्तर इंग्लंडातले परगणे. तिथे पाच नोव्हेंबरच्या रात्री मैदानामैदानांतून शेकोट्या पेटतात, दारूकाम उडतं आणि थंडीत उभ्याउभ्या लोक एक काळपट, चिकट, सुंठीनं घसा गरम करणारा केक खातात. त्याचं नाव पार्किन. गंमत अशी की पाच तारखेला खायचा हा केक पाच तारखेला कुणी करत नाही. तो आधीच भाजून, गुंडाळून डब्यात ठेवलेला असतो. ताजा पार्किन पाहुण्यांपुढे ठेवणं म्हणजे काल घातलेलं लोणचं आज पानात वाढणं.

पाच नोव्हेंबरचं कारण राजकीय आहे. १६०५ साली गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी लंडनच्या पार्लमेंटखाली दारूची ३६ पिंपं रचून राजासकट सगळं उडवायचा बेत केला होता. तो फसला. राजा वाचला म्हणून शेकोट्या पेटल्या आणि त्यात फॉक्सचा पुतळा जाळायची चाल पडली. हा फॉक्स मूळचा यॉर्कचा. तो ज्या सेंट पीटर्स शाळेत शिकला तिथे आजही त्याचा पुतळा जाळत नाहीत. आपल्या माजी विद्यार्थ्याला जाळायचं कसं, हा त्यांचा मुद्दा. पार्किनचा मात्र या कटाशी मुळात काही संबंध नाही. ओट्सचं नवं पीक घरात आलेलं, हवेत गारठा वाढलेला, अशा दिवसांतला हा पदार्थ आहे. कवी वर्ड्‌स्वर्थची बहीण डोरोथी ग्रासमिअरला राहत असताना रोजनिशी लिहायची. तिच्या ६ नोव्हेंबर १८०० च्या नोंदीत भाकरी-पावाबरोबर पार्किन भाजल्याचा उल्लेख सापडतो.

हैदराबादच्या गौलीगुड्यात बसून हा केक करायचा म्हटल्यावर पहिली शंका सामानाची येते. ती लगेच फिटते. अफझलगंज ओलांडलं की बेगमबाजार, त्याला लागून उस्मानगंज. सुंठ, लवंग, जायफळ, काळा गूळ सगळं तिथे किलोवर मिळतं. ओट्स आता गल्लीतल्या किराणा दुकानातही असतात. महागड्या दुकानांतून मिळणारे परदेशी पाकाचे डबे लागत नाहीत. फक्त मूळ केकमध्ये कुठली वस्तू कुठलं काम करते हे नीट कळलं पाहिजे. मग अदलाबदल बिनधास्त करता येते.

ओट्सपासून सुरुवात करू. उत्तर इंग्लंडात पेनाइन डोंगराची रांग आहे. पाऊस फार, उन्हाळा थंड, जमीन हलकी. गहू तिथे धड पिकत नाही, ओट्स पिकतात. म्हणून गरिबाच्या घरात ओट्सचीच भाकरी, ओट्सचीच पेज. दक्षिणेकडच्या इंग्रजांना याचं हसू यायचं. डॉक्टर जॉन्सननं आपल्या १७५५ च्या शब्दकोशात ओट्सची व्याख्याच अशी केली की इंग्लंडात हे घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं खातात. आपल्याकडे कुळथाची हीच कथा आहे. घोड्याचं खाणं म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ, पण कुळथाचं पिठलं समोर आलं की पुन्हा मागून घेणारेही तेच.

त्या काळी तिकडच्या सामान्य घरात भट्टी नव्हती. तापलेल्या सपाट दगडावर किंवा लोखंडी पत्र्यावर भाजायचं, त्यामुळे सुरुवातीचे पार्किन जाड चपटे असत. पुढे स्वयंपाकघरात कोळशावर चालणारी, पोटात भट्टी असलेली लोखंडी चूल आली आणि पार्किन ट्रेमध्ये ओतून वड्या पाडण्याजोगा झाला. आमच्याकडेही फार वेगळं नव्हतं. हैदराबादच्या मराठी घरात शेगडी होती, स्टोव्ह होता, ओव्हन नव्हता. नानखटाई करायची तर तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीत जायचं, समोर उभं राहून भाजून घ्यायची आणि पत्र्याचा डबा भरून आणायची. कोकणात मात्र भट्टीवाचून केक करायची युक्ती फार जुनी आहे. काकडीचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ यांचं धोंडस करताना पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवतात. भरड धान्य, गूळ, मंद आच आणि दोन्ही बाजूंनी धग. धोंडस ज्यांनी एकदा केलंय त्यांना पार्किनमध्ये शिकण्यासारखं फारसं उरत नाही.

आता गोडव्याकडे वळू, कारण या केकचा जीव तिथे आहे. मध्ययुगात इंग्लंडात आल्याचा जो गोड पदार्थ होई तो पावाचा चुरा आणि मध एकत्र मळून केलेला असे. पुढे वेस्ट इंडीज बेटांवर गुलामांच्या घामावर उसाचे मळे उभे राहिले, लिव्हरपूल आणि लँकॅस्टरच्या बंदरांत साखरेची जहाजं लागू लागली, आणि साखर शुद्ध करताना मागे राहणारा काळा पाक मधापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळू लागला. त्याला ट्रीकल म्हणतात. पांढरी साखर श्रीमंताच्या कपात गेली, काळा पाक गिरणीकामगाराच्या पार्किनमध्ये आला. गोल्डन सिरप त्या मानानं अलीकडचा. १८८३ साली लंडनजवळच्या प्लेस्टो इथल्या लाइल यांच्या कारखान्यानं तो विकायला काढला. साधारणपणे यॉर्कशरचा पार्किन ट्रीकलकडे झुकतो, काळा आणि किंचित कडवट. लँकशरचा गोल्डन सिरपकडे, उजळ आणि गोड. दोन्हीकडची माणसं आपलाच खरा म्हणतात.

ट्रीकलऐवजी साखर कारखान्याची मळी चालेल का, असा प्रश्न एखाद्याला पडेल. निजामाच्या राज्यात बोधनला १९३७ साली मोठा साखर कारखाना निघाला. त्या वाटेनं ज्यांनी प्रवास केलाय त्यांच्या नाकात मळीचा वास अजून असेल. त्यांना उत्तर सांगायला नको. साखर शक्य तेवढी काढून घेतल्यावर उरलेली ती शेवटची मळी कडू, खारट असते आणि दारूच्या भट्टीकडे जाते. खायची ट्रीकल हे निवडून, गाळून केलेलं वेगळं प्रकरण. तिच्या जागी आपल्याकडे काकवी आहे. गुळाची कढई उतरवण्याच्या जरा आधी काढलेला हा दाट पाक. थालीपीठ, घावन, भाकरी, कशाबरोबरही खाल्ला जाणारा. कोल्हापूर-सांगलीकडून कुणी येणार असेल तर बाटली मागवावी. नसेल तर दीडशे ग्रॅम काळा गूळ, अर्धी वाटी पाणी आणि लिंबाचे पाच-सहा थेंब मंद आचेवर पाच-सात मिनिटं उकळून घ्यावेत. लिंबू कशाला, ते सांगतो.

साखरेचा गुणधर्म असा की पाणी कमी झालं की ती स्फटिक होऊन बसते. पण आंबटपणा आणि उष्णता मिळाली की तिच्या रेणूचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. या मिश्रणाला इन्व्हर्ट शुगर म्हणतात. ती सहजी स्फटिक होत नाही, आणि त्यातलं फ्रुक्टोज पाण्याला धरून ठेवतं, इतकंच काय, भोवतालच्या हवेतूनही ओल ओढून घेतं. पावसाळ्यात गुळाची ढेप पाझरते ती यामुळेच. गुळात या साखरेचा अंश पांढऱ्या साखरेपेक्षा पुष्कळ जास्त असतो. गोल्डन सिरप, ट्रीकल, काकवी, मध हे सगळे याच जातीचे. नुसती पांढरी साखर घालून पार्किन केला तर दुसऱ्या दिवशी कडक होतो आणि चौथ्या दिवशी कुणी हात लावत नाही. काकवीचा केला तर चौथ्या दिवशी तो पहिल्या दिवसापेक्षा मऊ असतो.

त्याला दुसरी साथ ओट्सची. शंभर ग्रॅम ओट्समध्ये चार ग्रॅमच्या आसपास बीटा-ग्लुकान नावाचं विरघळणारं तंतुद्रव्य असतं. ओट्सची पेज जी लिबलिबीत होते ती त्याच्यामुळे. हे द्रव्य पाणी पिऊन फुगतं आणि धरून ठेवतं, पण भरड कण आतपर्यंत भिजायला वेळ घेतो. भट्टीतून निघालेल्या पार्किनमध्ये ओल कणांच्या बाहेर, पाकात असते. कण अजून कोरडे असतात. म्हणून पहिल्या दिवशी तो एकाच वेळी चिकटही लागतो आणि चुरचुरीतही. डब्यात पडून राहिला की पाकातली ओल हळूहळू कणांत शिरते, वरची कोरडी साल आतून ओल घेऊन मऊ आणि तकतकीत होते. पार्किनचं अर्धं काम भट्टीत होतं, उरलेलं अर्धं डब्यात.

आमच्याकडच्या एक-दोघींनी ओट्सऐवजी ज्वारीचा रवा वापरून बघितला. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, नांदेड-परभणीची ज्वारी गौलीगुड्याच्या घराघरांत यायची, तेव्हा हा मोह समजण्यासारखा आहे. पण ज्वारीत हे चिकट तंतुद्रव्य नावापुरतंच. केक रेवाळ होतो, सुरी लावली की ढासळतो. पाव हिस्सा ज्वारी चालते, चवीला छान खमंगपणाही येतो; पूर्ण ज्वारीचा हट्ट नको. आणि ओट्स आहेत म्हणून हा पौष्टिक केक, असं कुणी सांगू लागलं तर त्याला शांतपणे गूळ, काकवी आणि लोण्याचं वजन विचारावं.

सुंठीच्या बाबतीत आपण इंग्रजांना चार गोष्टी शिकवू शकतो. आलं मूळचं आशियातलं. वेस्ट इंडीजमध्ये ते सोळाव्या शतकात नेऊन लावलं, आणि जमैकाची सुंठ पुढे इंग्लंडात नावाजली. आपल्याकडे बाळंतिणीला सुंठ, सर्दीला सुंठ, पुरणपोळी पचावी म्हणून पुरणात सुंठ. रामनवमीला गौलीगुड्याच्या मराठी घरांत सुंठवडा होतोच: सुंठ, खोबरं, साखर. त्या चिमूटभर प्रसादाचा झणका ज्यानं लहानपणी सोसलाय त्याला पार्किनमधली सुंठ सौम्यच वाटेल.

पार्किनमध्ये ओलं आलं का घालत नाहीत, याला कारण आहे. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल या द्रव्याचा. आलं वाळताना जिंजेरॉलमधला पाण्याचा रेणू निघून जातो आणि शोगॉल तयार होतं, ते कितीतरी जास्त तिखट. उलट ओलं आलं शिजवलं की जिंजेरॉलचं बरंचसं झिंजेरॉन होतं, जे गोडसर आणि सौम्य. आल्याच्या चहात हा मवाळपणा बरा वाटतो, पण काळ्या गुळाच्या दाट चवीपुढे तो टिकत नाही. तिथे सुंठच हवी.

आणि ती पूड करून पाकिटात भरलेली नको. बेगमबाजारात अख्खी सुंठ दोन रूपांत दिसते. एक पांढरीफटक, चुन्याच्या पाण्यातून काढून वाळवलेली. दिसायला देखणी, बोटाला पांढरी भुकटी लागते. दुसरी मातकट, सुरकुतलेली, अंगावर सालीचे पापुद्रे. दुसरी घ्यावी. एक कुडी हातात घेऊन मोडावी. चांगली सुंठ कट्‌कन तुटते आणि तुटल्याजागी पिवळसर पिठूळ दिसते, वास लगेच नाकात जातो. वाकते ती ओली आहे, तुटताना दोऱ्यांचा झुपका बाहेर आला तर ती जून आहे, आणि बारीक भोकं दिसली तर आत किडा जाऊन आलेला आहे. दुकानदार सहसा मोडू देतो. नाही दिली तर शेजारच्या दुकानात जावं, तिथे दुकानं काही कमी नाहीत. घरी खलबत्त्यात फोडून मिक्सरमधून काढावी आणि बारीक चाळणीनं चाळावी. चाळणीवर उरलेले दोरे फेकायचे नाहीत, चहाच्या डब्यात टाकायचे.

आता कृती. वीस सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यासाठी दोनशे ग्रॅम साधे ओट्स घ्या, झटपट शिजणारे मसालेदार नव्हेत. तिकडे ओट्सचा भरडा मिळतो, आपल्याकडे दाबलेले पोहे मिळतात. म्हणून मिक्सरमध्ये थांबतथांबत तीन-चार वेळा फिरवा. अर्धा भाग जाड रव्यासारखा, अर्धा पिठासारखा झाला पाहिजे. त्यात एकशेवीस ग्रॅम कणीक किंवा मैदा, चार सपाट छोटे चमचे सुंठपूड, दोन लवंगांची पूड, पाव चमचा जायफळ, पाऊण चमचा खाण्याचा सोडा. बाजारचं पिवळं लोणी खारट असतं, ते वापरणार असाल तर मीठ घालू नका. नाहीतर अर्धा चमचा घाला.

शंभर ग्रॅम काळा गूळ दोन चमचे पाण्यात विरघळवून गाळून घ्या. हे टाळू नका. गुळात चिपाड, वाळू काहीही निघतं आणि केकमध्ये दाताखाली आलेला खडा कुठल्याही चवीनं भरून निघत नाही. गाळलेल्या गुळात दीडशे ग्रॅम काकवी आणि एकशेदहा ग्रॅम लोणी घालून अगदी मंद आचेवर फक्त वितळवा. उकळी आली की पाक पुढच्या पायरीला जातो आणि केकची चिक्की होते. लोण्याऐवजी साजूक तूप वापरायचं तर नव्वद ग्रॅम तूप आणि वीस मिली पाणी, कारण लोण्यात सहावा हिस्सा पाणी असतं आणि तुपात ते कढून गेलेलं असतं. जुन्या इंग्रजी घरांत डुकराची चरबी वापरत. त्या आठवणीनं कुणी तुपाला नावं ठेवू नयेत. तुपाचा पार्किन मला लोण्याच्यापेक्षा सरस वाटतो, सुंठीला तूप मानवतं.

पाक कोमट झाला की त्यात ऐंशी मिली आंबट ताक आणि एक अंडं. अंडं घरात चालत नसेल तर तीन मोठे चमचे घट्ट दही; बिनअंड्याचे पार्किन इंग्लंडातही पूर्वीपासून होत आलेत, तेव्हा ही तडजोड नव्हे. ताक गरम पाकात ओतलं तर फाटेल, म्हणून कोमट. इंग्रजी कृतीत दूध असतं, कारण ट्रीकल स्वतःच आंबट असते आणि सोड्याला तेवढं पुरतं. आपल्याकडे गूळ करताना रस स्वच्छ व्हावा म्हणून चुना वापरतात, त्यानं आंबटपणा मरतो. आंबट काही मिळालं नाही की सोडा तसाच उरतो आणि केकला साबणासारखी चव येते.

कोरडं आणि ओलं एकत्र केल्यावर हे मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षाही पातळ दिसतं. इथे हात शिवशिवतात आणि अजून मूठभर कणीक पडते. पडू देऊ नये. ओट्स पुढे सगळं पिऊन घेतात. आतून बटर पेपर लावलेल्या डब्यात ओता, दहा मिनिटं तसंच राहू द्या आणि आधीच तापवून ठेवलेल्या ओव्हनमध्ये दीडशे अंश सेल्सियसवर ठेवा. पंचावन्न मिनिटं ते तासाभरात होतो. आच वाढवून वेळ वाचत नाही. इतक्या साखरेत पिठातला स्टार्च उशिरा शिजतो, आणि फ्रुक्टोज मात्र लवकर करपतं. जोराच्या आचेत बाहेर कोळसा आणि आत पीठ. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाशी मीठ किंवा वाळू पसरून, त्यावर जाळी ठेवून, शिट्टी आणि रिंग काढून मंद आचेवर सव्वा तास. त्यात वरून रंग येत नाही, चव येते. कडा डब्यापासून सुटल्या आणि मधोमध बोट टेकवल्यावर खळगा राहिला नाही की झाला. मधला भाग जरासा खचतो. सोडा जास्त पडला किंवा मध्येच दार उघडलं तर जास्त खचतो. पार्किनच्या बाबतीत हे व्यंग मानत नाहीत.

डब्यातच पूर्ण गार होऊ द्या, मग अख्खाच बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. वड्या आत्ता पाडायच्या नाहीत. जितक्या कडा उघड्या तितकी ओल बाहेर. दुसऱ्या दिवशी उघडून बघाल तर वरची साल अजून कोरडी आणि सुंठ एकटीच पुढे आलेली. तिसऱ्या दिवशी कागद सालीला चिकटू लागतो. पाचव्या दिवशी कागद सोलताना तकतकीत काळपट पृष्ठभाग दिसतो, सुरीला किंचित चिकटतो, आणि गूळ, लवंग, सुंठ यांतलं वेगळं काही ओळखू येत नाही. त्या दिवशी चौकोनी वड्या पाडा. बरोबर बिनसाखरेचा कोरा चहा. इराणी चहा माझ्या मते इथे चुकतो, दोन गोडं एकमेकांना मारतात.

हैदराबादची नोव्हेंबर ते जानेवारीची कोरडी, थंड हवा या केकला चांगली. दहा दिवस सहज राहतो. हवा फारच कोरडी असेल आणि साल मऊ व्हायला तयार नसेल तर डब्यात सफरचंदाची एक फोड वाटीत ठेवून झाकण लावावं, ही तिकडच्या बायकांची युक्ती. फोड रोज बदलायची. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तूप सुटतं, तेव्हा त्या दिवसांत करू नये. पावसाळ्यात उलट तक्रार. इथली ओल काकवी अधाशासारखी ओढते, साल पाझरते आणि सहाव्या-सातव्या दिवशी बुरशीचे ठिपके दिसू शकतात. फ्रीजमध्ये ठेवला तर बुरशी टळते, पण थंडाव्यात स्टार्च लवकर घट्ट होऊन केक दगडासारखा होतो. त्यापेक्षा पावसाळ्यात अर्ध्या मापानं करावा, तीन दिवस मुरवावा आणि दोन दिवसांत संपवावा. उरलाच तर वड्या एकेक गुंडाळून थेट बर्फाच्या कप्प्यात, आणि खाण्याआधी दोन तास बाहेर.